मैंदर्गी

मैंदर्गी हे महाराष्ट्र राज्याच्या सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यातील एक छोटे नगर आहे. ते अक्कलकोटच्या आग्नेयेस, अक्कलकोट आणि दुधनी या दोन नगरांच्या साधारण मध्यावर वसले आहे. भीमा नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांच्या सीमेलगत असून येथे मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा बोलल्या जातात. नगराचा कारभार नगरपरिषदेमार्फत चालतो. गावाच्या नावातील ‘-गी’ हा शेवट या सीमाभागातील अनेक गावांच्या नावांत आढळतो आणि तो कन्नड भाषेच्या वळणाचा आहे. गावाचे नाव एका भाषेच्या घडणीचे, तर प्रशासन दुसऱ्या भाषेचे, अशी स्थिती असलेल्या दख्खनमधील गावांचे मैंदर्गी हे एक ठळक उदाहरण होय.

स्थान

मैंदर्गी सुमारे १७.५° उत्तर अक्षांश व ७६.३° पूर्व रेखांशावर आहे. समुद्रसपाटीपासून या परिसराची उंची साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. सोलापूर हे जिल्ह्याचे ठिकाण मैंदर्गीच्या वायव्येस असून तेथे जाण्याचा नेहमीचा मार्ग अक्कलकोटवरून जातो.

अक्कलकोट तालुका हा सोलापूर जिल्ह्याचा आग्नेय कोपरा होय. त्याच्या उत्तरेस धाराशिव जिल्हा, पश्चिमेस दक्षिण सोलापूर तालुका, पूर्वेस व आग्नेयेस कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याचे आळंद व अफझलपूर हे तालुके आहेत. नैर्ऋत्येस भीमा नदीपलीकडे विजयपूर जिल्हा लागतो. त्यामुळे मैंदर्गीतील रहिवाशांना सोलापूरइतकेच कलबुर्गी व अफझलपूर हेही परिचयाचे आहेत. बाजार, नातेसंबंध आणि तीर्थयात्रा यांचे धागे राज्यसीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत.

भूरचना व माती

मैंदर्गीचा परिसर दख्खनच्या पठाराचा भाग आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हे पठार तयार झाले. येथील मूळ खडक बेसाल्ट, म्हणजेच काळा पाषाण आहे. उत्तरेकडील बालाघाटच्या रांगांपासून भीमेच्या पात्राकडे जमीन हळूहळू उतरत जाते. या भागात मोठे डोंगर नाहीत. उंचवट्याची माळराने आणि त्यांच्यामधील सखल, काळ्या मातीचे पट्टे यांची आलटून पालटून मांडणी दिसते.

बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेली काळी माती, म्हणजेच रेगूर, ही या प्रदेशाची मुख्य संपत्ती आहे. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. पावसाळ्यात ती फुगते व ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. नदी-ओढ्यांच्या काठी मातीचा थर जाड असतो, तर माळावर तो पातळ होत जाऊन खालचा मुरूम उघडा पडतो. शेतकरी या जमिनींना काळी, मुरमाड, बरड अशी नावे देतात. कन्नड बोलणारे शेतकरी काळ्या जमिनीला ‘एरे’ आणि तांबूस, मिश्र जमिनीला ‘मसारी’ म्हणतात.

हा सर्व भाग स्थिर खडकाचा मानला जात असे. मात्र ३० सप्टेंबर १९९३ रोजी उत्तरेकडील किल्लारी (जिल्हा लातूर) येथे झालेल्या विनाशकारी भूकंपाने या समजाला धक्का दिला. त्याचे हादरे सोलापूर जिल्ह्यातही जाणवले.

नद्या व पाणी

भीमा ही या प्रदेशाची मुख्य नदी आहे. सह्याद्रीत उगम पावून ती पुणे व सोलापूर जिल्ह्यांतून वाहते आणि पुढे कर्नाटकात कृष्णा नदीला मिळते. अक्कलकोट तालुक्याची सीमा काही अंतरापर्यंत भीमेच्या पात्रानेच आखली गेली आहे. तालुक्यातील दुसरी महत्त्वाची नदी बोरी ही आहे. ती धाराशिव जिल्ह्यातून येते. नळदुर्गच्या किल्ल्यातील प्रसिद्ध पाणीमहाल याच नदीवर बांधलेल्या बंधाऱ्यात आहे. अक्कलकोट तालुक्यात बोरीवर कुरनूर येथे धरण आहे. हरणा ही बोरीची उपनदी होय. बोरी पुढे भीमेला मिळते.

पावसाळा संपल्यावर ओढे लवकर कोरडे पडतात. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरण्यास वाव कमी असतो. भूजल मुख्यतः खडकातील भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते. त्यामुळे एका शेतातील विहिरीला भरपूर पाणी आणि शेजारच्या शेतात कोरडी कूपनलिका, असे चित्र येथे नेहमी दिसते. उजनी धरणाचे पाणी एकरुख उपसा सिंचन योजनेतून कुरनूर धरणापर्यंत आणण्याचा प्रकल्प याच टंचाईवरील उपाय म्हणून आखण्यात आला. सीमाभागातील गावांच्या असंतोषाची चर्चा जेव्हा जेव्हा होते, तेव्हा भाषेच्या बरोबरीने पाणी व रस्ते हे प्रश्न पुढे येतात.

हवामान

मैंदर्गीचे हवामान उष्ण व कोरडे आहे. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर बहुतेक पाऊस सांडतात आणि पठाराच्या पूर्व भागाकडे येईपर्यंत त्यांतील बाष्प बरेच कमी झालेले असते. सोलापूर जिल्हा या पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सुमारे ५५० मिलिमीटर आहे. त्याच महाराष्ट्रात महाबळेश्वर येथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे लक्षात घेता हा फरक स्पष्ट होतो.

पावसाच्या प्रमाणापेक्षा त्याचा अनियमितपणा अधिक जाचक ठरतो. जुलै व ऑगस्टमध्ये अनेकदा मोठा खंड पडतो. सप्टेंबर हा सर्वाधिक भरवशाचा महिना मानला जातो आणि परतीच्या पावसावर रब्बी हंगाम अवलंबून असतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. १८७६ ते १८७८ या काळातील मोठा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ यांची तीव्र झळ सोलापूर जिल्ह्याला बसली होती.

शेती

खोल काळ्या जमिनीत पावसाळ्यात पीक न घेता ओल साठवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रब्बीची पेरणी करायची, ही या भागाची जुनी पद्धत आहे. रब्बी ज्वारी हे मुख्य अन्नधान्य होय. तिच्या ‘मालदांडी’ या वाणाचा मोठा लौकिक आहे. हरभरा व करडई ही रब्बीची इतर पिके आहेत. खरिपात तूर, उडीद व मूग घेतले जातात. पाण्याची सोय असलेल्या ठिकाणी ऊस वाढला आहे. तालुक्यातील धान्य व कडधान्यांच्या व्यापारासाठी जवळचे दुधनी हे बाजाराचे गाव म्हणून ओळखले जाते.

शेतीच्या दिनक्रमातही दोन भाषांची सरमिसळ आढळते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत बैलांचा सण म्हणून पोळा साजरा होतो. या सीमाभागात मात्र ज्येष्ठ पौर्णिमेला ‘कारहुणवी’ साजरी करतात. कन्नडमध्ये पौर्णिमेला ‘हुण्णिमे’ म्हणतात. त्याचेच मराठी बोलीत ‘हुणवी’ झाले. मार्गशीर्ष अमावस्येला शेतात जाऊन पिकाची पूजा करण्याचा व वनभोजनाचा सण ‘येळ अमावस्या’ किंवा ‘वेळ अमावस्या’ या नावाने प्रसिद्ध आहे. कन्नडमध्ये या अमावास्येला ‘एळ्ळु’, म्हणजे तीळ, या शब्दावरून नाव आहे. मराठीत आल्यावर ‘येळ’चा संबंध ‘वेळ’ या परिचित शब्दाशी जोडला गेला. अपरिचित शब्दाला ओळखीच्या शब्दाचे रूप देण्याची हीच प्रवृत्ती गावांच्या नावांतही दिसते.

नाव

उच्चार व लेखन

‘मैंदर्गी’ या नावातील अनुस्वाराचा उच्चार पुढील ‘द’मुळे ‘न्’ असा होतो. रोमन लिपीतील लेखनात तो ‘न’ याच अक्षराने दाखवला जातो. देवनागरीत ‘र’ हा ‘गी’वर रेफ म्हणून लिहितात. कन्नड वळणाच्या उच्चारात हा ‘र’ पूर्ण उच्चारला जाऊन ‘मैंदरगी’ असे रूप ऐकू येते.

या फरकामागे दोन भाषांची उच्चारपद्धती आहे. कन्नडमध्ये व्यंजनातील ‘अ’ सहसा पूर्ण उच्चारला जातो. मराठीत शब्दाच्या मध्यातील व शेवटचा ‘अ’ अनेकदा गळतो. म्हणूनच ‘घरटे’ हा शब्द ‘घर्टे’ असा ऐकू येतो. कन्नडमधील ‘कलबुरगी’ मराठीत ‘कलबुर्गी’ होते आणि ‘जेवरगी’ हे ‘जेवर्गी’ होते. ‘मैंदरगी’ व ‘मैंदर्गी’ या रूपांतील नाते याच प्रकारचे आहे. कन्नडमध्ये या नावांतील शेवटची वेलांटी ऱ्हस्व लिहितात. मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहिण्याचा नियम असल्यामुळे ती दीर्घ होते.

‘-गी’ हा शेवट

मैंदर्गीच्या आसपास ‘-गी’ने संपणारी गावे मोठ्या संख्येने आहेत. अक्कलकोट तालुक्यातील करजगी, हंजगी, उडगी, मिरजगी आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी, इंगळगी ही त्यांची उदाहरणे होत. सीमेपलीकडे कलबुर्गी, जेवर्गी, सिंदगी, देवर हिप्परगी अशी नावे आढळतात. नकाशावर ही नावे एकत्र पाहिली, तर त्यांचा एक सलग पट्टा दिसतो आणि राज्याची सीमा तो मधोमध कापून जाते. पश्चिमेस पुणे किंवा सातारा जिल्ह्याकडे जाऊ लागल्यावर या शेवटाची नावे विरळ होतात आणि ‘-गाव’, ‘-वाडी’, ‘-वडी’ यांचे प्रमाण वाढते.

या शेवटाचे जुने रूप समजण्यास सोलापूरचे नाव उपयोगी पडते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम, म्हणजेच सिद्धेश्वर, यांच्या संदर्भात कन्नड साहित्यात या नगराचे नाव ‘सोन्नलिगे’ असे येते. त्याचाच उच्चार पुढे ‘सोन्नलगी’ असा होत गेला. म्हणजेच आज ‘-गी’ असा ऐकू येणारा शेवट पूर्वी ‘-इगे’ किंवा ‘-गे’ असा असू शकतो. मराठीच्या प्रभावाखालील भागात तोच शेवट ‘-गा’ असाही झालेला दिसतो. सोलापूरजवळील एकरुख तलावाच्या काठचे गाव ‘हिप्परगा’ आहे, तर विजयपूर जिल्ह्यातील त्याच घडणीचे नाव ‘हिप्परगी’ आहे. धाराशिव जिल्ह्यातील ‘उमरगा’ हे नावही ‘-गा’ शेवटाचे आहे. ‘-गे’, ‘-गी’ व ‘-गा’ ही तीन रूपे एकाच कुळातील मानता येतात.

पूर्वपद

शेवट बाजूला केल्यावर उरणारा भाग ‘मैंदर’ असा आहे. नावाची फोड ‘मैं-दर्गी’ अशी केल्यास त्यात ‘दर्गा’ हा फारसी शब्द असल्याचा भास होतो. परंतु ‘मैंदरगी’ हे रूप आणि शेजारच्या ‘-गी’ शेवटाच्या नावांची रांग लक्षात घेता ‘र’ हा पूर्वपदाचा भाग ठरतो. ‘कलबुर’, ‘जेवर’, ‘हिप्पर’ या पूर्वपदांच्या शेवटीही असाच ‘र’ आहे. त्यामुळे मैंदर्गीचे नाव दर्ग्याशी जोडणे भाषिक दृष्ट्या टिकत नाही.

‘मैंद’ या अक्षरसमूहाशी जुळणारे इतरही शब्द आहेत. रामायणातील वानरवीरांत मैंद व द्विविद या दोघांची नावे येतात. मराठी शब्दकोशांत ‘मैंद’ हा शब्द लबाड, ढोंगी किंवा वाटसरूंना फसवणारा मनुष्य या अर्थाने दिलेला आहे. मात्र केवळ उच्चार जुळणे हा व्युत्पत्तीचा पुरावा होत नाही. मराठी पूर्वपदाला कन्नड शेवट लागून नाव बनले, असे मानायचे झाल्यास तशी इतर नावे परिसरात दाखवावी लागतात. शिवाय दोन्ही शब्दांत ‘मैंद’नंतरच्या ‘र’चा उलगडा होत नाही.

ध्वनिसाम्यावर आधारलेल्या व्युत्पत्ती

गावाच्या नावाचा अर्थ ओळखीच्या शब्दात शोधण्याची पद्धत सर्वत्र आढळते. तिला लोकव्युत्पत्ती म्हणतात. मैंदर्गीच्या परिसरात तिची काही बोलकी उदाहरणे आहेत.

सोलापूर हे नाव ‘सोळा’ व ‘पूर’ यांपासून, म्हणजे सोळा गावे मिळून, बनले अशी समजूत प्रचलित आहे. शिलालेखांतील रूपे वेगळी गोष्ट सांगतात. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत लेखात ‘सोनलिपूर’ असे नाव आहे. सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’, तर तेथील विहिरीवरील लेखात ‘संदलपूर’ असे रूप आढळते. सोन्नलिगे, सोनलिपूर, सोनलपूर अशी ही साखळी असून तिच्यात सोळा या संख्येला स्थान नाही.

अक्कलकोट या नावातील ‘कोट’ हा कन्नड ‘कोटे’ या शब्दाशी संबंधित आहे व दोहोंचा अर्थ किल्ला असाच आहे. ‘अक्कल’ म्हणजे बुद्धी, असा अर्थ घेऊन स्वामी समर्थांच्या भक्तपरंपरेत या गावाला ‘प्रज्ञापुरी’ म्हटले जाते. हे नाव भक्तिभावातून आले आहे. ते गावाच्या मूळ नावाचा पुरावा नव्हे.

कलबुर्गीचे फारसी वळणाचे रूप ‘गुलबर्गा’ असे झाले आणि त्याचा अर्थ ‘गुल’ म्हणजे फूल व ‘बर्ग’ म्हणजे पान असा लावला गेला. कन्नडमध्ये या नावाचा संबंध ‘कल्लु’, म्हणजे दगड, या शब्दाशी सांगितला जातो. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक शासनाने शहराचे अधिकृत नाव पुन्हा कलबुर्गी असे केले.

या तिन्ही उदाहरणांत नाव ऐकणाऱ्याची भाषा बदलली, तसा नावाचा अर्थही बदलला. मैंदर्गीसारख्या नावाचा विचार करताना म्हणूनच आजच्या उच्चारापेक्षा शिलालेख, ताम्रपट, सनदा आणि मोडीतील महसुली कागदपत्रे यांतील जुन्या रूपांना अधिक महत्त्व असते.

परिसरातील गावनावे

अक्कलकोट तालुक्यातील गावनावांचे त्यांच्या शेवटांवरून ढोबळ गट करता येतात.

‘-ऊर’ : तोळणूर, कुरनूर, हन्नूर, जेऊर. कन्नडमध्ये ‘ऊरु’ म्हणजे गाव. मराठीत शेवटचा उकार गळून ‘ऊर’ राहिला.

‘-हळ्ळी’ : नागनहळ्ळी. ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे.

‘-गी’ : मैंदर्गी, करजगी, हंजगी, उडगी, मिरजगी.

‘-गाव’ व ‘-वाडी’ : चपळगाव, बोरगाव, अंदेवाडी. हे शेवट मराठी आहेत.

मिश्र नावे : गौडगाव या नावात ‘गौड’, म्हणजे गावचा प्रमुख, हा कन्नड वळणाचा शब्द असून ‘गाव’ मराठी आहे. गुड्डेवाडी या नावात ‘गुड्ड’, म्हणजे टेकडी, हा कन्नड शब्द व ‘वाडी’ हा मराठी शब्द एकत्र आले आहेत.

काही नावे दोन्ही भाषांत वाचता येतात, परंतु त्यांचा अर्थ बदलतो. हत्तीकणबस या गावाच्या नावातील ‘हत्ती’ या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्राणी उभा राहतो. कन्नडमध्ये ‘हत्ती’ म्हणजे कापूस आणि ‘कण’ म्हणजे खळे. काळ्या मातीच्या प्रदेशात दुसरे वाचनही तितकेच स्वाभाविक आहे.

आडनावे

गावाच्या नावावरून आडनाव घेण्याच्या पद्धतीतही दोन भाषांचा फरक दिसतो. मराठीत गावाच्या नावाला ‘-कर’ हा प्रत्यय लागतो. उत्तर कर्नाटकात गावाचे नाव कोणताही प्रत्यय न लावता आडनाव म्हणून वापरतात. शिलालेखांचे अभ्यासक एम. एम. कलबुर्गी यांचे आडनाव हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ‘मैंदर्गी’ आणि ‘मैंदर्गीकर’ अशी दोन्ही आडनावे सोलापूर परिसरात आढळतात. गावाचे नाव तेच असले, तरी आडनाव कोणत्या भाषेच्या रीतीने घडले हे या प्रत्ययावरून कळते.

इतिहास

मैंदर्गीचा परिसर मध्ययुगात कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्याच्या मध्यवर्ती भागाजवळ होता. त्यांची राजधानी कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण (जिल्हा बिदर), येथून फार दूर नाही. चालुक्यांच्या काळात या प्रदेशातील लेखांत कन्नड व संस्कृत यांचा प्रामुख्याने वापर होत असे. बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीच्या यादवांची सत्ता वाढली आणि राजव्यवहारात मराठीला स्थान मिळू लागले.

तथापि, या सीमाभागात मराठीचा लेखी पुरावा यादवांपूर्वीचाही आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथे भीमा व सीना नद्यांचा संगम आहे. तेथील संगमेश्वर मंदिरातील शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख हा मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांपैकी एक आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. या लेखामुळे हजार वर्षांपूर्वीही या खोऱ्यात दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या, असे दिसते.

१३४७ मध्ये कलबुर्गी येथे बहमनी सत्तेची स्थापना झाली. तिच्या विघटनानंतर हा प्रदेश मुख्यतः विजापूरच्या आदिलशाहीच्या प्रभावाखाली आला. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले. अठराव्या शतकात छत्रपती शाहू यांचे मानसपुत्र फत्तेसिंह भोसले यांच्याकडे अक्कलकोटचा प्रदेश आला आणि त्यांच्या वंशजांचे संस्थान तेथे नांदले. ब्रिटिश काळात या टापूत मुंबई इलाखा, देशी संस्थाने आणि निजामाचे हैदराबाद राज्य यांच्या सीमा एकमेकींना भिडत होत्या. १९४८ मध्ये अक्कलकोट संस्थान भारतीय संघराज्यात विलीन होऊन तो भाग मुंबई प्रांतात व सोलापूर जिल्ह्यात आला.

सीमाप्रश्न

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विजापूर व गुलबर्गा हे जिल्हे तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, तर अक्कलकोट तालुका द्विभाषिक मुंबई राज्यात राहिला. १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे.

बेळगाव व इतर मराठीभाषक भागांवरील महाराष्ट्राच्या दाव्यामुळे केंद्र सरकारने १९६६ मध्ये न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. १९६७ मध्ये सादर झालेल्या अहवालात बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावे, महाराष्ट्राला २६४ गावे द्यावीत आणि म्हैसूरला २४७ गावे द्यावीत, अशी शिफारस होती. म्हैसूरला देण्याच्या भागात अक्कलकोट, दक्षिण सोलापूर व जत या तालुक्यांचा समावेश होता. महाराष्ट्राने हा अहवाल नाकारला व तो अमलात आला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

२०२२ च्या अखेरीस कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोट व सोलापूरचा उल्लेख केल्यानंतर हा विषय पुन्हा चर्चेत आला. त्या वेळी अक्कलकोट तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी रस्ते, पाणी व अन्य सुविधांच्या मागण्या पुढे केल्या होत्या.

गावनावांचा पुरावा अशा वादांत वारंवार दिला जातो. त्याच्या मर्यादा मात्र ध्यानात घ्याव्या लागतात. नाव हे गाव वसले किंवा त्याची नोंद झाली त्या काळातील भाषेची खूण असते. आजच्या रहिवाशांची मातृभाषा किंवा त्यांची इच्छा त्यावरून ठरत नाही. ज्या भागात कन्नड शेवटाची नावे आहेत, त्याच भागात अकराव्या शतकातील मराठी लेखही सापडतो.

भाषा

मैंदर्गी व परिसरात अनेक कुटुंबांची घरची भाषा कन्नड आहे. शासकीय व्यवहाराची भाषा मराठी आहे. मुस्लिम समाजात दखनी उर्दू बोलली जाते. एका व्यक्तीने घरी कन्नड, कचेरीत मराठी आणि बाजारात दोन्ही भाषा वापरणे येथे सामान्य मानले जाते. अक्कलकोट तालुक्यात मराठी शाळांबरोबर कन्नड व उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. येथील मराठी बोलीत कन्नड शब्द व उच्चारांची छाप आढळते, तर कन्नड बोलीत महसूल, शेती व कचेरीच्या कामकाजातील अनेक मराठी आणि फारसी शब्द रूढ झाले आहेत.

प्रशासन

अक्कलकोट तालुक्यात अक्कलकोट, दुधनी व मैंदर्गी अशा तीन नगरपरिषदा आहेत. नगरपरिषदांचा कारभार ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्यानुसार चालतो. या कायद्यात ४०,००० किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या लहान नागरी क्षेत्रांचा ‘क’ वर्ग असून मैंदर्गी या वर्गात मोडते. नगरपरिषद असली, तरी गावाचे अर्थकारण मुख्यतः शेतीवर अवलंबून आहे. विधानसभेसाठी मैंदर्गी अक्कलकोट मतदारसंघात आणि लोकसभेसाठी सोलापूर मतदारसंघात येते.

दळणवळण

अक्कलकोटहून दुधनीमार्गे कर्नाटकातील अफझलपूरकडे जाणारा रस्ता मैंदर्गीवरून जातो. अक्कलकोट हे स्वामी समर्थांचे समाधिस्थान आणि भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूर हे नृसिंह सरस्वतींचे क्षेत्र आहे. ही दोन्ही दत्तस्थाने एकाच प्रवासात करणाऱ्या भाविकांची या मार्गावर ये-जा असते.

मैंदर्गीला रेल्वे स्थानक नाही. सोलापूर ते वाडी हा मध्य रेल्वेचा मार्ग तालुक्यातून जातो आणि त्यावर अक्कलकोट रोड, नागणसूर, बोरोटी व दुधनी ही स्थानके आहेत. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला आणि १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासकडून आलेल्या मार्गाशी जोडला गेला. या मार्गामुळे तालुक्यातील धान्य व कडधान्यांना दूरच्या बाजारपेठा खुल्या झाल्या.